पुश्काशचा डावा पाय आणि तुमची पत्रं

मागच्या अंकात वर्षातल्या सर्वांत देखण्या गोलाला मिळणाऱ्या ‘पुश्काश पुरस्कारा’चा उल्लेख आला, तेव्हा मी जाता जाता लिहिलं होतं की पुरस्कार सगळ्या पोरांना माहीत आहे, माणूस मात्र कुणालाच माहीत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की यावेळचं सदर सगळं त्याच्यासाठीच ठेवलं आहे.

आधी हंगेरीच्या या फुटबॉलपटूच्या नावाचं सांगतो. आपल्याकडे ‘पुस्कास’ लिहितात, पण हंगेरीच्या भाषेत तो ‘श’ आहे. तिथे आडनाव आधी आणि नाव नंतर, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. म्हणून तो पुश्काश फेरेन्त्स. घराण्याचं मूळ आडनाव जर्मन वळणाचं, पुर्त्सेल्ड. तो दहा वर्षांचा असताना, १९३७ मध्ये, ते बदललं. ‘पुश्का’ म्हणजे बंदूक. त्याचा डावा पाय पाहिलेल्या माणसाला हे नाव मुद्दाम ठेवल्यासारखंच वाटेल.

सर, मी बारा वर्षं मेलबर्नला आहे. मुलाला फुटबॉलच्या सरावाला सोडते, तिथे एएएमआय पार्क स्टेडियमच्या जवळ पुश्काशचा पुतळा आहे. हंगेरीतल्या माणसाचा पुतळा ऑस्ट्रेलियात कशासाठी? – एक आई, मेलबर्न

ताई, तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला. मी तो पुतळा फोटोतच पाहिला आहे आणि तुम्ही रोज त्याच्यावरून जाता!

१९८९ मध्ये पुश्काश बासष्ट वर्षांचा होता. पोट सुटलेलं, चाल मंदावलेली. साउथ मेलबर्न हेलास या क्लबने त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावलं. हा क्लब ग्रीसमधून पोटापाण्यासाठी मेलबर्नला गेलेल्या लोकांनी उभा केलेला. पुश्काशचं इंग्रजी यथातथाच होतं. पण त्याआधी तो अथेन्सला राहिलेला होता आणि ग्रीक बोलायचा. संघाचा कर्णधार होता डावा बचावपटू अँजे पोस्टेकोग्लू, वय चोवीसच्या आसपास. हा पाच वर्षांचा असताना आईबापांबरोबर ग्रीसहून ऑस्ट्रेलियात आलेला. मग सरांचं ग्रीक ऐकायचं आणि पोरांना इंग्रजीत सांगायचं, हे काम त्याच्याकडे आलं. सरांना आपल्या जुन्या गाडीतून सरावाला नेणं-आणणंही त्याच्याकडेच.

मी पस्तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली. पोरांना बसमधून सामन्याला न्यायचो, तेव्हा शेजारच्या सीटवर बसलेला मुलगा त्या दीड तासात जे उचलायचा, ते मैदानावर महिनाभरात उचलत नसे. शिट्टी नसते, रांग नसते. त्यामुळे मेलबर्नच्या त्या गाडीचा विचार माझ्या मनातून जात नाही. स्टिअरिंगवर चोविशीतला कर्णधार आणि शेजारी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडला हरवलेला माणूस, आणि रोज त्या दोघांच्या गप्पा!

पुश्काश दोन विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारे खेळाडू, पुढे ठेवायचा आणि त्यांना मागे येऊ द्यायचा नाही. मागची बाजू उघडी पडायची, आणि ती सांभाळायची कुणी? डाव्या बाजूला कर्णधारानेच. पण त्याची खात्री असायची की समोरच्याने तीन मारले तर आपण चार मारू. १९९१ मध्ये संघ ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय विजेता झाला. अंतिम सामना मेलबर्न क्रोएशियाविरुद्ध होता, बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर जिंकला.

पोस्टेकोग्लू पुढे स्वतः प्रशिक्षक झाला. ऑस्ट्रेलियाला २०१५ चा आशिया कप मिळवून दिला, स्कॉटलंडमध्ये सेल्टिकला विजेता केलं आणि २०२५ च्या मे महिन्यात इंग्लंडच्या टॉटनहॅमला युरोपा लीग जिंकून दिली. चढाईवरचा विश्वास पुश्काशकडून आला, हे तो उघड सांगतो. म्हणून मेलबर्नला पुतळा आहे. मुलाला एकदा त्याच्यासमोर उभं करून ही गोष्ट सांगा.

देश संकटात असताना हा मनुष्य परदेशी राहिला. सैन्यातला मेजर म्हणवणाऱ्याने असं करावं? – एक निवृत्त शिक्षक, पुणे

प्रश्न कडक आहे आणि तुम्ही तो विचारलात हे बरं केलं. घडलं काय ते आधी पाहू.

बुडापेस्टच्या कडेला किशपेश्त नावाची वस्ती. १९२७ साली जन्मलेला पुश्काश तिथे वाढला. शेजारी योझेफ बोझिक. दोघांच्या घरांना मध्ये एकच भिंत. खेळायला निघायचं की भिंतीवर टकटक करायची, हा दोघांचा इशारा. वस्तीच्या क्लबमध्ये दोघं बरोबर वाढले आणि राष्ट्रीय संघातही बरोबर गेले. १९४९ मध्ये संरक्षण मंत्रालयाने तो क्लब ताब्यात घेतला, नाव दिलं होन्वेद, म्हणजे मायभूमीचा रक्षक, आणि खेळाडूंना सैन्यातले हुद्दे दिले. पुश्काशचा मेजर हा हुद्दा असा आलेला आहे. त्याने हातात घेतला तो चेंडूच.

ऑक्टोबर १९५६ मध्ये बुडापेस्टमध्ये उठाव झाला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. होन्वेदचा संघ परदेशात गेला होता, कारण २२ नोव्हेंबरला स्पेनमधल्या बिल्बाओला युरोपियन कपचा, म्हणजे युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेचा सामना होता. तो ३-२ असा हरले. परतीचा सामना बुडापेस्टला होणं शक्यच नव्हतं, तो ब्रसेल्सला झाला आणि ३-३ असा सुटला. त्यांचा गोलरक्षक जखमी झाला, म्हणून चिबोर हा विंगर गोलमध्ये उभा राहिला. तोवर पुश्काशची बायको लहान मुलीला घेऊन सीमा ओलांडून ऑस्ट्रियात आली होती. पुढे संघ परवानगी नसताना दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. मग ज्याने त्याने आपापलं ठरवलं. कोचिश आणि चिबोर परदेशातच राहिले, नंतर बार्सिलोनाकडून खेळले. पुश्काशही राहिला. बोझिक घरी परतला.

पुश्काशवर फिफाची बंदी आली. ती पुढे कमी झाली, तरी दीडेक वर्ष त्याला अधिकृत सामना नव्हता. मायदेशात पाऊल ठेवायला १९८१ साल उजाडलं. पंचवीस वर्षं गेली. आणि बोझिक १९७८ मध्येच वारला होता.

मी बोझिकला भित्रा म्हणणार नाही आणि पुश्काशला पळपुटा म्हणणार नाही. भिंतीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक, दोघांनी दोन वाटा धरल्या, आणि किंमत दोघांनीही मोजली. गुरुजी, बायको कडेवर लेकरू घेऊन सीमेपलीकडे येऊन थांबलेली असताना तिला ‘परत चल’ म्हणण्याची हिंमत माझ्यात नसती. त्याच्या देशाने तरी त्याला माफ केलं की नाही, ते सांगतो. १९९३ मध्ये राष्ट्रीय संघ चार सामन्यांपुरता त्याच्या हाती दिला. २००२ मध्ये बुडापेस्टच्या मुख्य स्टेडियमला त्याचं नाव दिलं, तेव्हा तो हयात होता, पण अल्झायमरने आठवणी पुसत चालल्या होत्या. १७ नोव्हेंबर २००६ ला तो गेला. बुडापेस्टच्या सेंट स्टीफन बॅसिलिकात त्याला चिरविश्रांती दिली.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपले खाशाबा होते. पुश्काशही तिथेच होता का? – एक पैलवान, कराड

होय, अगदी त्याच ऑलिंपिकमध्ये! कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तिथे कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. आमच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्या प्रवासासाठी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं, हे कोल्हापुरात आजही अभिमानाने सांगतात. भारताचा फुटबॉल संघही तिथे होता. युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं हरवलं. आपली बरीच मुलं अनवाणी खेळली होती. तोच युगोस्लाव्हिया पुढे अंतिम सामन्यात हंगेरीपुढे आला आणि २-० ने हरला. पहिला गोल पुश्काशचा. खाशाबा आणि पुश्काश एकाच गावात, एकाच पंधरवड्यात पदकं जिंकत होते, हे मला तुमच्या पत्रामुळे पहिल्यांदा असं शेजारी शेजारी मांडून पाहता आलं.

मी कंपनीच्या संघातून खेळायचो. गुडघा दुखावला, दीड वर्ष बाहेर बसलो, वजन चौदा किलो वाढलं. आता एकतीस वर्षांचा आहे. सगळे म्हणतात बूट टांगून ठेव. – एक वाचक, इचलकरंजी

मित्रा, रिअल माद्रिदने १९५८ मध्ये पुश्काशला घेतलं, तेव्हा तो एकतीस वर्षांचाच होता आणि त्याचं वजन सुमारे अठरा किलो जास्त होतं. चार किलो तुझ्यापेक्षाही जास्त! बंदीच्या काळात इटलीत राहिला, बसून अंगावर चढलेलं. इटलीतल्या क्लबांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. होन्वेदचा जुना कारभारी एमिल ओस्त्राइखर आता माद्रिदला होता. त्याने अध्यक्ष सांतियागो बेर्नाबेऊंकडे शब्द टाकला. मला या सगळ्या गोष्टीतला ओस्त्राइखर फार आवडतो. पोट सुटलेल्या माणसात त्याला जुना डावा पाय दिसला.

पुढे काय झालं ते आकड्यांत सांगतो, कारण इथे आकडेच बोलतात. स्पॅनिश लीगचे १८० सामने, १५६ गोल. चार वेळा लीगमध्ये सर्वाधिक गोल. १९६१ ते १९६५ सलग पाच वेळा लीगचं विजेतेपद. हे सगळं एकतिशीनंतर. संघात आधीच आल्फ्रेदो दी स्तेफानोसारखा करारी माणूस होता, ज्याच्या मनाविरुद्ध माद्रिदमध्ये पान हलत नसे. त्याच्याशी पुश्काशचं जमलं, कारण हंगेरीत सगळ्यांना हुकूम सोडणारा हा माणूस माद्रिदला आल्यावर आपण नवे आहोत हे विसरला नाही.

१८ मे १९६० ची गोष्ट. ग्लासगोचं हॅम्पडेन पार्क, १,२७,६२१ प्रेक्षक, युरोपियन कपचा अंतिम सामना. समोर जर्मनीचा आइन्ट्राख्त फ्रँकफुर्ट. हा सामना होतो की नाही अशी वेळ आली होती. १९५४ च्या वर्ल्डकपमध्ये जर्मनीकडून ३-२ असं हरल्यावर पुश्काशने जर्मन खेळाडूंवर उत्तेजक घेतल्याचा आरोप केला होता, आणि तो असेल तर आमचा संघ खेळणार नाही अशी जर्मन संघटनेची भूमिका होती. त्याने लेखी माफी मागितली आणि मैदानात उतरला. माद्रिद ७, फ्रँकफुर्ट ३. दी स्तेफानोचे तीन, पुश्काशचे चार. तेव्हा तो तेहेतीस वर्षांचा होता.

आता तुझ्याबद्दल. गुडघ्याचं काय ते डॉक्टरला दाखवून, फिजिओकडून मांडीचे स्नायू तयार करून घेऊन ठरव. वजन आधी चालून आणि पोहून उतरव, धावून नको, गुडघ्यावर भार येतो. पुश्काश बारीक कधी झालाच नाही. पहिल्या पाच पावलांचा वेग आणि चेंडूवरचा पाय एवढं त्याने परत मिळवलं. तुला नव्वद मिनिटं धावणं जमेल न जमेल, पण बॉक्सच्या तोंडावर वीस मिनिटं उभं राहता आलं, तरी पेठेच्या संघाला तू हवा आहेस.

मोठा खेळाडू मोठा प्रशिक्षक होत नाही, पुश्काश हेच त्याचं उदाहरण. वीस-पंचवीस वर्षं जगभर फिरला, हाती काय लागलं? – एक प्रशिक्षक, सांगली

साहेब, निम्मं तुमचं बरोबर आहे. स्पेन, अमेरिका, कॅनडा, ग्रीस, चिली, सौदी अरेबिया, इजिप्त, पॅराग्वे, ऑस्ट्रेलिया. सॅन फ्रान्सिस्को आणि व्हॅनकूव्हरला एकेक हंगाम, स्पेनमधल्या लहान क्लबांतही मुक्काम थोडकेच. बऱ्याच ठिकाणी तो आला, हसला, जेवला, शिकवलं आणि निघाला. कागदावरचे डावपेच, समोरच्या संघाचा बारीक अभ्यास हा त्याचा पिंड नव्हता. बचाव शिकवायचा त्याला कंटाळा होता, हे मी प्रशिक्षक म्हणून त्याच्याविरुद्धच लिहीन. मेलबर्नचं वर सांगितलंच आहे, डाव्या बचावपटूचे काय हाल झाले असतील!

पण अथेन्स तुम्ही सोडून दिलंत.

१९७० मध्ये तो पानाथिनाइकोसकडे गेला. ग्रीसचा कुठलाही क्लब तोवर युरोपात फार पुढे गेलेला नव्हता. १९७०-७१ च्या युरोपियन कपमध्ये त्यांनी स्लोव्हान ब्रातिस्लाव्हाला काढलं. मग इंग्लंडचा विजेता एव्हर्टन. तिकडे १-१, अथेन्सला ०-०, आणि बरोबरी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जायचा, या तेव्हाच्या नियमाने त्या एका गोलावर ग्रीक पुढे गेले. उपांत्य फेरीत बेलग्रेडला रेड स्टारकडून ४-१ असा मार खाल्ला. सगळ्यांनी आशा सोडली असणार. अथेन्सला त्यांनी ३-० केलं आणि पुन्हा त्याच नियमाने पार झाले. आंतोनिस आंतोनियाडिस हा त्यांचा उंच सेंटर फॉरवर्ड त्या वर्षी स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला. अंतिम सामना २ जून १९७१ ला, समोर हॉलंडचा, तरुण क्राइफचा आयाक्स. २-० असे हरले. आजवर ग्रीसचा दुसरा क्लब त्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेला नाही.

आणि तो सामना होता वेम्ब्लीवर. अठरा वर्षांपूर्वी ज्या मैदानावर त्याने खेळाडू म्हणून इंग्लंडला ६-३ असं हरवलं होतं, तिथे तो ग्रीक पोरं घेऊन परत आला होता.

मला विचाराल तर त्याच्या शिकवण्याचं मर्म इथे आहे. नऊ देश फिरला, भाषा कुठली पुरी येत होती, कुठली अर्धीमुर्धी. म्हणून तो पायाने बोलला. साठीतला, पोट सुटलेला सर सरावात चेंडू मांडतो आणि डाव्या पायाने जाळ्याचा कोपरा गाठतो. एकदा, दोनदा, दहादा. त्यानंतर पोरांना वेगळं काय समजावायचं? आपल्याकडे शिबिरांतून फळ्यावर बाण काढणारे पुष्कळ झाले आहेत, साहेब. चेंडू पायात घेऊन ‘हे असं’ म्हणणारे कमी होत चालले आहेत. मला त्याची खरी काळजी वाटते.

सर, मी आठवीत आहे. मला फक्त डाव्या पायाने चांगलं मारता येतं. त्यामुळे मला संघात घेत नाहीत. पुश्काशला दोन्ही पाय यायचे का? – एक विद्यार्थी, कोल्हापूर

नाही रे बाळा. तो सगळं डाव्यानेच करायचा. उजवा पाय उभं राहायला. तेवढ्यावर त्याने हंगेरीसाठी ८५ सामन्यांत ८४ गोल केले.

तुला त्याचा एक गोल सांगतो. २५ नोव्हेंबर १९५३, वेम्ब्ली. इंग्लंड आपल्या घरात युरोप खंडातल्या कुठल्याही देशाकडून तोवर हरलेलं नव्हतं. अर्धा तासही झालेला नाही. चिबोरने उजवीकडून चेंडू आत दिला. पुश्काश गोलच्या उजव्या अंगाला, गोल अगदी जवळ. समोरून इंग्लंडचा कर्णधार बिली राइट धावत आला आणि चेंडूवर घसरला. पुश्काशने डाव्या पायाचा तळवा चेंडूच्या डोक्यावर ठेवला आणि चेंडू मागे ओढला. हातभर, जास्त नाही. राइट गवतावरून घसरत पलीकडे गेला, जिथे चेंडू होता आणि आता नव्हता. त्याच पायाने पुश्काशने चेंडू गोलरक्षक आणि खांबाच्या मधून आत ठोकला.

आता तू हे कर. घरात टेनिसचा चेंडू असेल. अनवाणी उभा राहा. डाव्या तळव्याचा पुढचा भाग, बोटांच्या खालचा मांसल भाग, चेंडूवर अलगद टेकव. दाबू नकोस, दाबलास तर चेंडू निसटतो. उजवा गुडघा थोडा वाकव, सगळं वजन त्याच्यावर. मग डावा पाय मागे ओढ, चेंडू बरोबर येईल. तो तुझ्या उजव्या टाचेच्या रेषेत आला की डाव्या पायाच्या आतल्या बाजूने भिंतीवर मार. रोज शंभर वेळा. ओढणं आणि मारणं यांच्यात थांबा राहता कामा नये, हा सगळा खेळ त्या थांब्याचा आहे. पहिल्या आठवड्यात राहील. तिसऱ्या आठवड्यात राहणार नाही.

उजव्या पायाने निदान सरळ पास द्यायला शीक, तेवढं मी मागेन. पण संघात घेत नाहीत म्हणून डावा पाय लपवू नकोस. दर शनिवारी सकाळी साडेसहाला मी शाळेच्या मैदानावर असतो, पत्ता संपादकांकडून घे. चेंडू माझ्याकडे आहेत. बूट नसले तरी चालेल.